सरळ पडलेला ढीग

१

फोन वाजला तेव्हा दिपमालाबाईंच्या तव्यावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, दुसरी भाकरी होती. पहिली आत्ता खायची, दुसरी संध्याकाळी. एकट्याच्या स्वयंपाकानं माणूस शहाणा होत नाही, नुसता काटकसरी होतो, असं त्या म्हणत. ऐकायला समोर कोणी नसे, त्यामुळे बहुधा तव्यालाच म्हणत. देवपुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत फोन यायचा तो बँकेचा, नाहीतर चुकून लागलेला.

"मॅडम, मी सुकदेव बोली ऱ्हायनू."

सुकदेव म्हणजे जळगावच्या तापी-पांझरा विद्यापीठातल्या संख्याशास्त्र प्रशालेचा शिपाई. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्याच प्रशालेत शिकवण्यात घालवली होती. निवृत्त होऊन धुळ्याला आल्यावर दिवाळीच्या शुभेच्छा सोडल्या तर तिकडून कोणाची हाक आली नव्हती.

"कोण गेलं?" बाईंनी विचारलं. या वयात सकाळच्या फोनला दुसरा प्रश्न सुचत नाही.

"कोणी गयं नही, मॅडम. पाटमधला बठ्ठा छर्रा गयात. कोणी तरी जुना लई गया आनि नवा भरी गया. आनि आळ मनावर ई ऱ्हायना."

बाईंनी गॅस बंद केला. भाकरी एका बाजूनं करपली होती.

पाट म्हणजे काय, हे त्या प्रशालेत शिकलेल्याला सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. प्रशाला काढणाऱ्या लीलाधर सरांनी पहिल्याच वर्षी असोद्याच्या एका सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली होती. पुढं काच, आत खिळ्यांच्या आडव्या रांगा, खाली उभे खण. वरच्या तोंडातून सायकलचा छर्रा, म्हणजे बेअरिंगमधली पोलादी गोळी, सोडला की तो खिळ्यांवर टकटक आपटत, कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत एका खणात पडतो. एक छर्रा कुठं पडेल ते देवाला ठाऊक. पण पुष्कळ सोडले की मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता असा ढीग पडतो. संख्याशास्त्र म्हणजे एवढंच, सर म्हणायचे, एकट्याचं काही सांगता येत नाही, सगळ्यांचं सांगता येतं.

तेव्हापासून रीत पडली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं स्वतःचा एक छर्रा पाटात सोडायचा. त्याआधी सुकदेव पाट आसावर उलटा फिरवून सुलटा करी, म्हणजे मागच्या सगळ्यांचे छर्रे पुन्हा वर जाऊन पुन्हा नव्यानं खाली पडत. प्रशालेत शिकलेलं प्रत्येक माणूस त्या ढिगात होतं. कोणी कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज काढणाऱ्या खात्यात गेलं होतं, कोणी सातपुड्याच्या पाड्यांवर कुपोषित मुलांची पाहणी करत होतं, कोणी परदेशात विमा कंपनीत होतं. छर्रा मात्र इथंच.

"तुमच्यावर आळ का?"

"चाबी मनाजोडे ना." सुकदेव थांबला. "मी या महिनाले रिटायर व्हस, मॅडम. चोर व्हईसन घर जाऊ का?"

बाईंनी करपलेली भाकरी फडक्यात बांधली आणि बस गाठली.

२

मार्चचं ऊन. पारोळा, एरंडोल करत बस जळगावला पोचली तेव्हा बाईंचा घसा कोरडा पडला होता. प्रशालेच्या फाटकावर नवीन रखवालदार होता. त्यानं त्यांना नाव विचारलं आणि काम विचारलं. ज्या फाटकातून आपण तरुण असल्यापासून आत गेलो तिथं काम विचारलं जावं, हे त्यांना लागलं. पण त्यांनी मुकाट्यानं नाव सांगितलं.

पाट वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत होता. सुकदेवनं कुलूप काढलं. हा माणूस पूर्वी ताठ चालायचा. आज खांदे पाडून भिंतीच्या कडेनं चालत होता.

बाई काचेसमोर उभ्या राहिल्या. खणांत छर्रे होते, पण सगळे चकचकीत. जुने छर्रे काळवंडलेले, घासलेले असत. त्या सगळ्या चकचकाटात मध्याच्या डाव्या बाजूला एक लाल गुंज तेवढी ओळखीची होती. ती ताईबाई पावराची. शिरपूरच्या वरच्या डोंगरातून आलेली ही मुलगी पहिल्या दिवशी थेट बसमधून उतरून वर्गात आली होती. छर्रा विकत घ्यायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून तिनं गळ्यातल्या माळेतली गुंज काढून पाटात सोडली. लीलाधर सर खूश झाले होते. ताईबाई आता जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात साहेब होती.

"गुंज आहे की," बाई म्हणाल्या.

"गुंज शे. बाकी बठ्ठा गयात."

मागची फळी काढली की छर्रे हातानं काढता-घालता येत. तिचे स्क्रू नुकतेच फिरवलेले दिसत होते. कुलूप तोडलेलं नव्हतं. चाव्या तीनच: एक सुकदेवकडे, एक प्रयोगशाळेची जबाबदारी असलेल्या संयम लोढाकडे, एक संचालकांकडे.

बाई निघायला वळल्या आणि दारातच थांबल्या. परत आल्या, चष्मा पुसला आणि ढीग पुन्हा पाहिला. मधला खण सर्वांत उंच. त्याच्या डावीकडचा आणि उजवीकडचा अगदी सारखे. त्यापुढचे दोन्ही सारखे. असं करत टोकापर्यंत.

"सुकदेव," त्या हळूच म्हणाल्या, "हा ढीग सरळ आहे."

३

या पाटाचा ढीग कधीच सरळ पडला नव्हता. असोद्याच्या सुतारानं एक खिळा जरा तिरका मारला होता, त्यामुळे ढीग दरसाल उजवीकडे झुकायचा. कुलगुरूंनी एकदा तो खिळा सरळ करून घ्या म्हणून सुचवलं, तेव्हा लीलाधर सर म्हणाले होते, "खोट दिसली तर ती मोजायची. झाकायची कशाला?" प्रशालेत हे वाक्य पुढं इतक्यांनी इतक्यांना ऐकवलं की पोरं त्याची नक्कल करत.

म्हणजे हे नवे छर्रे वरून सोडलेले नव्हते. कोणीतरी मागची फळी काढून खणाखणात हातानं रचले होते. कारणही उघड होतं: पाट फिरवला की सगळी इमारत दणाणते. बाईंनी रखवालदाराला विचारलं.

"शनिवार-रविवारी काही आवाज नाही झाला, मॅडम. रविवारी लोढा सर आले होते पेपर तपासायला. संचालक सर तर दर रविवारी येतात. घरी तरी कोण आहे त्यांना आता?"

चोरी उघडकीला आणली ती सुकदेवनंच. सोमवारी सकाळी काच पुसताना त्याला चकचकाट दिसला आणि त्यानं बोंब ठोकली. कुलसचिवांच्या कार्यालयानं ताबडतोब संचालकांकडून अहवाल मागवला, कारण महिनाअखेरीस पाट विद्यापीठाच्या नव्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात जायचा होता. प्रशाला डेटा सायन्सच्या केंद्रात विलीन होणार होती. कुलूप शाबूत, चावी शिपायाकडे, शिपाई निवृत्त होणार: वरच्यांना गणित सोपं वाटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आपल्या कचेऱ्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

संयम लोढा संगणकासमोर बसला होता. बाईंच्या शेवटच्या तुकडीतला, हुशार, आणि हुशारीची जाणीव जरा जास्त असलेला.

"मॅडम, खरं सांगू? मला त्या पाटाचं दुःख होत नाही. मी याच्यावर पापणी लवायच्या आत लाखो छर्रे पाडून दाखवतो."

"दाखव."

त्यानं दाखवलं. पडद्यावर सुंदर, नितळ ढीग पडला. बाईंनी पाहून घेतलं.

"संग्रहालयाची कल्पना तुझी?"

"माझीच. आणि गंजके छर्रे काढून नवे टाकूया, असंही मीच म्हटलं होतं, बैठकीत, सर्वांसमोर. म्हणून सगळे माझ्याकडे बघतात ना? त्यातून आमच्या पप्पांचं सायकलचं दुकान." तो चिडून हसला. "पण संचालक सर नको म्हणाले आणि मी विषय सोडला."

"तुझा स्वतःचा छर्रा होता की त्यात."

संयमनं पडदा बंद केला. "होता," तो म्हणाला. "सोमवारी ते कळलं तेव्हा जरा कसंसंच झालं. कोणाला सांगू नका."

दारात पावलं वाजली. संचालक प्रेमराज गिरासे उभे होते. बाईंचा जुना विद्यार्थी, शिंदखेड्याकडच्या गावातला. दिवाळीनंतर त्याची बायको गेली हे बाईंनी ऐकलं होतं. रत्नाही बाईंचीच विद्यार्थिनी, प्रेमराजच्याच वर्गातली. बाईंनी तेव्हा फोन केला होता. दोघंही फोनवर काही बोलू शकले नव्हते.

"मॅडम, तुम्ही उगाच एवढ्या उन्हात आलात," प्रेमराज म्हणाला. सदऱ्याची कॉलर चुरगळलेली, दाढीचे खुंट पांढरे. "उद्या मला अहवाल पाठवायचाच आहे."

"कोणाचं नाव घालून?"

त्यानं खिशातून रुमाल काढून बोटं पुसली आणि आपल्या खोलीकडे निघून गेला.

४

जळगावच्या बाजारात माणकचंद लोढांचं दुकान जुनं. प्रशालेची पोरं छर्रा घ्यायला इथंच येत. माणकचंदशेठ छर्रा फुकट देत आणि वर पाणी पाजत. बाईंनी सुकदेवकडून काढून घेतलेला पाटातला एक नवा छर्रा त्यांच्या हातावर ठेवला.

शेठनी तो बोटांत फिरवला, उजेडात धरला. "हा आमच्या दुकानचा नाही, मॅडम. आमचा माल जरा बारीक असतो."

"मग कुठला?"

"मालेगावचा, धुळ्याचा, कुठलाही असेल. पण जळगावच्या माणसाला छर्रे हवे तर तो माझ्याकडे का नाही आला, हे बघा. जो मला चुकवतो, तो मला ओळखतो. आणि मी त्याला."

"तुमचा संयमही तुम्हाला चुकवीलच की."

मागच्या खोलीच्या दारात शेठच्या पत्नी लाडकुंवर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो बाईंसमोर जरा जोरातच ठेवला. "आमचा संयम काही करतो ते चार लोकांना सांगून करतो, मॅडम. लपून करणं त्याच्या रक्तात नाही. सांगायची हौस त्याला लहानपणापासून. काचेची बरणी फोडली तरी स्वतः येऊन सांगायचा, वर कशी फोडली ते पण."

शेठ हसले. मग गंभीर झाले. "नवे घालून ठेवले, हे मला काही समजत नाही. चोर घेऊन जातो. भरपाई करून जाणारा चोर मी अजून पाहिला नाही."

बाई दुकानाच्या पायरीवर उतरल्या आणि तिथंच थबकल्या. शेठचं वाक्य त्यांच्या मनात अडकून बसलं. काळवंडलेल्या छऱ्यांना बाजारात भंगाराचीही किंमत नाही. नेणाऱ्याला पाटाचा राग असता तर त्यानं तो रिकामा सोडला असता. पाट रिकामा दिसू नये, असं त्याला वाटलं होतं.

आणि त्यानं गुंज ठेवली होती.

गुंज का ठेवली? रस्त्यावर केळीनं भरलेला ट्रक हॉर्न वाजवत होता, मागून कोणीतरी "अक्का, बाजूला व्हा" म्हणालं, तरी बाई हलल्या नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात येताच त्यांना इतकं वाईट वाटलं की उलगडा झाल्याचा आनंद काही झाला नाही.

५

प्रेमराजचं घर विद्यापीठाच्या मागच्या वसाहतीत होतं. संध्याकाळ व्हायची होती. अंगणातल्या तुळशीला पाणी नव्हतं, आणि बाहेरच्या दोरीवर एकाच माणसाचे कपडे वाळत होते. बाईंना ती दोरी ओळखीची वाटली. त्यांच्याही घरची अशीच होती.

त्यांनी बेल वाजवली नाही, हाक मारली. "प्रेमराज, मी आहे."

तो दार अडवून उभा राहिला. "मॅडम, घर आवरलेलं नाही."

"माझंही कुठं असतं."

तो बाजूला झाला. बैठकीत जमिनीवर एक मोठी पितळी परात होती. परातीत काळवंडलेले छर्रे. शेजारी भिंग, मऊ फडकं आणि टेबल-दिवा. बाईंनी परातीकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसल्या. प्रेमराज उभाच राहिला, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा.

"कसं कळलं?" शेवटी त्यानं विचारलं.

"ढीग सरळ होता."

त्यानं डोळे मिटले. "खिळा."

"हो, खिळा. सुकदेवनं केलं असतं तर त्यानं पाट फिरवला असता. त्याला दुसरी रीत माहीत नाही. आणि त्यानंच बोंब का ठोकली असती? हातानं, न चुकता, दोन्हीकडे सारखं रचायला पुस्तकातला ढीग पाठ असावा लागतो. तो तुमच्या दोघांना पाठ, तुला आणि संयमला. बाहेरच्या चोराला आपला ढीग कसा असतो तेच माहीत नसतं, तो सरळही रचत नाही आणि वाकडाही. वाकडा पडणारा ढीग घाईत सरळ रचायची चूक आपल्यासारखंच माणूस करतं, प्रेमराज. हात पुस्तकाप्रमाणं चालला."

"मग संयम का नाही?"

"संयमला चित्र हवं होतं, छर्रे नको होते. त्यानं बदलले असते तर साऱ्या विद्यापीठाला सांगून बदलले असते. आणि गुंज पहिली काढून टाकली असती, कारण ती चित्र बिघडवते." बाई थांबल्या. "तू गुंज ठेवलीस. ती कोणाची ते तुला ठाऊक होतं. ती तुला नको होती. बाकीच्यांतला एकच हवा होता, पण कोणता ते ओळखता येईना, म्हणून सगळे आणावे लागले. ज्याचा छर्रा आहे तो माणूस हयात असता तर तू त्यालाच विचारलं असतंस."

प्रेमराज जमिनीवर बसला. बोलायला लागला तेव्हा त्याची संचालकाची भाषा गळून पडली होती आणि घरची आली होती.

"कोणता तिना ते समजे ना, मॅडम. म्हणीसन बठ्ठा लई उनू."

त्यानं परातीत हात घातला. छर्रे आवाज करत बोटांतून निसटले. मग तो सावरला आणि नीट सांगू लागला. रत्ना पहिल्या दिवशी त्याच्याच पुढं रांगेत उभी होती. लग्नानंतर ती त्याला चिडवायची की मी माझ्या छऱ्यावर खूण केली आहे, काय ते सांगणार नाही, मी हरवले तर शोध. त्यानं कधी विचारलं नाही. विचारायला आयुष्य पडलं आहे असं वाटायचं. पाट काचेच्या कपाटात जाणार असं ठरलं आणि त्याला त्या रात्री झोप आली नाही. मालेगावहून नवे आणले. रविवारी इमारत रिकामी असते. संयम खालच्या मजल्यावर पेपर तपासत होता.

"सापडली खूण?"

"प्रत्येकावर खूण आहे." त्यानं भिंग बाईंच्या हातात दिलं. "बघा ना. दर वर्षी खिळ्यांवर आपटून आपटून सगळ्यांवर ओरखडे. मी वजनं केली, घासून पाहिले. तिचा यातच आहे. हातात घेतला असेल मी, कितीदा तरी. आणि पुन्हा ठेवून दिला असेल."

बाईंनी एक छर्रा भिंगाखाली धरला. खरंच, ओरखड्यांवर ओरखडे होते. त्यांनी तो परातीत परत ठेवला. या घरात येऊन बसायला हवं होतं, फोन करून चालणार नव्हतं, हे त्यांना आता समजत होतं.

पण त्या शिक्षिका होत्या, आणि एक गोष्ट राहिली होती.

"सुकदेवचं काय?"

"मी त्याचं नाव लिहिलेलं नाही, मॅडम. अहवाल कोरा पडलाय."

"लिहिलं नाहीस, पण खोडलंही नाहीस. तो माणूस सोमवारपासून भिंतीच्या कडेनं चालतोय. तू रत्नाला शोधत होतास, हे मला पटतं. तिला हे चाललं असतं का, एवढं सांग."

प्रेमराज उठला, टेबलाशी गेला आणि लिहू लागला. बाईंनी काय लिहितोस म्हणून विचारलं नाही. त्यानंच वाचून दाखवलं: छर्रे मी काढले, नवे मी रचले, शिपाई सुकदेव यांचा काडीचाही संबंध नाही. खाली सही.

"ठपका येईल," बाई म्हणाल्या.

"येऊ दे. आता घरी कोणाला सांगायचंय?"

बाईंनी परात त्याच्यापुढं सरकवली. "एक उचल. डोळे मिटून. हाच तिचा असं समज आणि ठेव जवळ. बरोबर असण्याची शक्यता किती, ते मला सांगू नकोस. मीही काढणार नाही."

त्यानं डोळे मिटले, हात घातला, एक छर्रा मुठीत घेतला. मूठ छातीशी धरून तो बसला. बाहेर दोरीवरचे कपडे हलत होते. मग त्यानं मूठ उघडली आणि छर्रा परातीच्या टकटक आवाजात इतरांमध्ये सोडून दिला.

"नको, मॅडम. हा तिचा नसला तर ती तिकडं आणि मी इथं भलत्यालाच घेऊन बसलेला. पाटात ती नक्की आहे. दर वर्षी सगळ्यांबरोबर पुन्हा पडते. तेवढं पुरे." त्यानं नाक पुसलं. "पण मग पाट कपाटात जाता कामा नये. फिरला पाहिजे. तेही लिहितो."

दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "तुमचाही छर्रा आहे ना त्यात?"

"पहिल्या वर्षीचा. लीलाधर सरांच्या पाठोपाठ."

"खूण केली होती?"

"नाही रे," बाई चपला घालत म्हणाल्या. "कोणासाठी करणार होते?"

६

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुकदेवला निरोप होता. कुलसचिवांच्या कार्यालयातून त्याच्या निर्दोषपणाचं पत्र आलं होतं; प्रेमराजला नोटीस आली होती. पाट फिरता राहणार की नाही, याचा निर्णय वर अडकला होता, पण अडकला होता म्हणजे अजून तरी तो जागेवर होता.

निरोपाला गर्दी नव्हती. परीक्षेच्या तयारीची सुट्टी लागली होती. प्रयोगशाळेत सुकदेव, प्रेमराज, संयम आणि धुळ्याहून आलेल्या दिपमालाबाई, एवढीच माणसं. संयमनं वडिलांकडून पेढे आणले होते. जुने छर्रे मागच्या फळीतून पाटात परत घातलेले होते. प्रेमराजनं सुकदेवची माफी सगळ्यांसमोर मागितली. सुकदेव गोंधळला आणि म्हणाला, "बायकोना जीव गया, सर, मंग माणूस काय करी?" आणि विषय संपला.

"सुकदेव, एकदा फिरवा," प्रेमराज म्हणाला.

सुकदेवनं चौकटीला हात घातला. खांदे ताठ केले आणि पाट उलटा केला. इमारत दणाणली. खालचे छर्रे सगळे वर गेले. मग त्यानं पाट सुलटा केला आणि ते खिळ्यांवर कोसळले. सगळी वर्षं एकदम पडत होती. संयमनं मोबाइल काढला होता, पण तो उचलायचा विसरला. प्रेमराज काचेला जवळजवळ कपाळ टेकवून उभा होता आणि कोणत्याही एका छऱ्याकडे पाहत नव्हता.

बाई मात्र पाहत होत्या. आपला कोणता, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं, आणि आपल्यामागं तो कोणी शोधायलाही येणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं. तरीही त्यांनी वरच्या तोंडातून सुटलेल्या एका छऱ्यावर नजर ठेवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. मग तो बाकीच्यांत मिसळला आणि नजरेतून सुटला.

आवाज थांबला. गुंज या वेळी अगदी कडेच्या खणात जाऊन बसली होती.

सुकदेवनं मागं सरून ढीग न्याहाळला. "वाकडाच पडना, मॅडम."

"पडू दे," बाई म्हणाल्या. "आपला तसाच पडतो."